आधी गाणं ठरवा, मग डबा

अ‍ॅम्प आहे, स्पीकर आहेत, आता सोर्स, म्हणजे त्यांना गाणं पुरवणारं यंत्र, कुठला घेऊ, हा प्रश्न ओळखीतले लोक मला नेहमी विचारतात, आणि विचारायला येतात तेव्हा बहुतेकांनी दोनतीन डबे आधीच हेरून ठेवलेले असतात, अमुक डॅक (डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारा डबा) घेऊ का तमुक, त्यात ईएसएसची चिप बरी का एकेएमची, २४ बिट पुरेल का ३२ लागेल. मी आधी विचारतो की तुम्ही घरी ऐकता काय आणि ते आत्ता आहे कुठे. सीड्यांवर आहे, कॅसेटवर आहे, यूट्यूबवर आहे, स्पॉटिफायवर आहे, का कुणी दिलेल्या पेनड्राइव्हवर एमपीथ्रीमध्ये आहे? हे कळलं की डबा ठरायला वेळ लागत नाही. आणि हे माहीतच नसेल तर लाखभराचा डबा आणूनसुद्धा माणूस शेवटी मोबाइलवर यूट्यूब लावून बसतो, कारण त्याला हवी असलेली मैफल तिथेच असते.

मी मुख्यतः ख्याल ऐकतो, त्याखालोखाल जुनं नाट्यसंगीत, भावगीतं आणि थोडं जुनं हिंदी. त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूने लिहितोय. इंटरनेटवर या विषयावर ढीगभर लिहिलेलं सापडतं पण ते सगळं रॉक, जॅझ आणि पाश्चात्य ऑर्केस्ट्रा ऐकणाऱ्यांनी त्यांच्यासाठी लिहिलंय, आणि आपल्या गाण्याच्या अडचणी जरा वेगळ्या आहेत.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. सोर्स सोर्स म्हणतो त्यात खरं तर तीन कामं असतात. एक, गाण्याची फाइल कुठेतरी असते, घरातल्या हार्ड डिस्कवर किंवा कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर. दोन, कुणीतरी ती फाइल शोधून वाजवतो, म्हणजे लॅपटॉप, फोन, स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी वाजवणारा डबा), रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर). तीन, त्या आकड्यांचा पुन्हा विजेचा सिग्नल करून अ‍ॅम्पला द्यायचा, हे काम डॅकचं. लोक पैसे आणि चिंता दोन्ही तिसऱ्या कामावर खर्च करतात आणि माझ्या मते तिथेच सगळ्यात कमी अडचण उरलेली आहे.

सीडीचं माप १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ. सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सगळे आवाज त्यात बसतात आणि माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर बराच कमी. १६ बिटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल मिळतं. आता आपल्या घरात रात्री सगळं शांत असताना, वर नुसता पंखा चालू असला तरी ३० ते ४० डेसिबल आवाज असतोच, आणि जुन्या ७८च्या तबकड्यांना तर स्वतःचं असं अंतर ४० डेसिबलच्या आसपासच असतं, बाकी खरखर. म्हणजे १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचं माप घरात गाणं ऐकायला आजही पुरून उरतं. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापून आला होता, त्यात एसएसीडी आणि डीव्हीडी ऑडिओ या सीडीहून मोठ्या मापाच्या तबकड्यांचा आवाज मध्येच १६ बिट ४४.१ मधून फिरवून आणला तर ऐकणाऱ्यांना फरक ओळखता येतो का ते पाहिलं, आणि सर्वसाधारण आवाजाच्या पातळीवर ओळखता आला नाही. आवाज खूप वाढवून शांत जागा ऐकली तर मागची सळसळ कळत होती एवढंच.

एमक्यूएची गोष्ट तर यातली फार बोलकी आहे. २०१४ मध्ये मोठा गाजावाजा करून आलेला फॉरमॅट, त्याची फाइल वाजली की डॅकवर एक दिवा लागायचा, लोकांनी केवळ तो लागावा म्हणून नवे डॅक घेतले, कंपन्यांनी लायसन्सचे पैसे भरले, २०२३ मध्ये ती कंपनी आर्थिक अडचणीत जाऊन दुसऱ्यांनी विकत घेतली आणि २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सर्व्हिसनेसुद्धा तो सोडून सरळ फ्लॅक धरलं. फ्लॅक २००१ पासून आहे, फुकट आहे, खुलं आहे, त्यात एकही बिट हरवत नाही. ज्याला दिव्यासाठी वेगळं यंत्र घ्यावं लागतं त्याच्यापासून लांबच राहा.

तर डॅक. टॉपिंग, एसएमएसएल, फिओ यांचे साधे डॅक आज इतके स्वच्छ आहेत की त्यांचा दोष ऐकू येण्याच्या कितीतरी खाली असतो. ॲपलचा तो यूएसबी सीचा हेडफोनचा छोटासा दोरीसारखा अडॅप्टर, तोही एक डॅकच आहे, आणि मोजमापात तो चांगल्या डब्यांच्या पंगतीत बसतो. त्याचं आउटपुट साधारण एक व्होल्ट, टेबलावरच्या डॅकचं दोन व्होल्ट, त्यामुळे जोडून बघितलं तर डबा "जास्त खुलून" वाजतो असं वाटतं. तो खुलेपणा नुसता आवाजाच्या पातळीचा असतो. दोन सोर्स तुलना करायचे असतील तर मल्टिमीटर घ्या, एक सरळ टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज दोन्हीकडे सारखं करा आणि मग ऐका. दुकानात हे कुणी करून दाखवत नाही आणि तिथेच बहुतेकांचे पैसे जातात. (हाच अडॅप्टर अँड्रॉइड फोनला लावला तर बऱ्याच फोनवर आवाज फार बारीक येतो, ते लक्षात ठेवा, फिओसारख्यांचे डोंगल तिथे बरे.)

मग फरक कशाने पडतो? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक पडतो तो रेकॉर्डिंगने, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण आणि ते डिजिटलमध्ये कुणी, कशावरून, किती काळजीने आणलं त्याने. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण आपल्याकडे हे कुणी बोलतच नाही.

आपलं पन्नासच्या दशकापर्यंतचं जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रित गाणं ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आहे, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. बालगंधर्व, केसरबाई, अब्दुल करीम खाँ, सगळे. नावाला ७८ असलं तरी जुन्या काळात प्रत्येक कंपनीचा वेग नेमका तोच असेल असं नव्हतं. आता जी तबकडी ८० वेगाने कापलीय ती ७८ने वाजवून डिजिटल केली तर गाणं अडीच टक्के हळू होतं, आणि सूर पेटीवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने खाली येतो. गायकाची पट्टी बदलते, गळ्याचा पोत बदलतो, तानेची गती बदलते. आवाज थोडा जड, थोडा म्हातारा वाटायला लागतो. आणि मग आपण म्हणतो की जुन्या लोकांचं गाणं असंच असायचं! हे कळायला महागडं काही लागत नाही, फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावा आणि गायक कुठल्या पट्टीत बसतोय बघा, एकाच गायकाच्या त्याच काळातल्या चार तबकड्या चार पट्ट्यांमध्ये आणि मधल्याच कुठल्या तरी फटींमध्ये निघाल्या तर समजा की वेगात गडबड आहे. कॅसेटवरून उतरवलेल्या मैफलींचंही तेच, डेकचा वेग पुढेमागे असला की सगळं वरखाली.

दुसरा घोळ म्हणजे साफसफाई. खरखर काढायच्या नादात काही ठिकाणी सॉफ्टवेअर इतकं फिरवलेलं असतं की तानपुरा गायब होतो, स्वराच्या शेवटी जो श्वास असतो तो कापला जातो, आणि वरून एकेरी आवाजाला खोटा स्टिरिओ आणि हॉलचा घुमारा चढवलेला असतो. मला खरखर चालते. खरखरीच्या मागे माणूस गातोय हे कानाला काही मिनिटांत समजतं आणि मग ती ऐकू येईनाशी होते. पण एकदा काढून टाकलेला तानपुरा कुठलाही डॅक परत आणू शकत नाही.

म्हणूनच "हाय-रेझ" (सीडीहून मोठ्या मापाची फाइल) असा शिक्का बघून हुरळून जाऊ नका. एखाद्या जुन्या एलपीवरच्या किंवा ७८वरच्या गाण्याची २४ बिट १९२ किलोहर्ट्झची फाइल मिळाली तर आधी ती स्पेक नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. तो आवाजाचं चित्र काढून दाखवतो. चित्र १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखं संपत असेल तर ती बहुधा कुणाची तरी १२८ केबीपीएसची, म्हणजे बरीच दाबून लहान केलेली एमपीथ्री आहे, मोठ्या डब्यात भरलेली. ३२०ची असेल तर ती कात्री २०च्या आसपास दिसते. आणि याच्या उलट, यूट्यूबवर एखाद्या जाणत्या संग्राहकाने स्वतःच्या टेपच्या स्पूलवरून नीट उतरवून टाकलेली मैफल, जी आपल्यापर्यंत १२८ ते १६० केबीपीएसने पोहोचते, ती त्याच गायकाच्या कंपनीने काढलेल्या चकचकीत लॉसलेस (काहीही न हरवलेल्या) अल्बमपेक्षा कितीतरी जिवंत असू शकते. मी असं कित्येकदा ऐकलंय. त्यामुळे तुमच्या सोर्सवर यूट्यूब सहज वाजवता आलं पाहिजे, हे मी ख्याल ऐकणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगतो, भले हाय-फायवाले नाक मुरडोत.

याचा अर्थ कॉम्प्रेशन कसंही चालेल असा नाही हं. १२८ची एमपीथ्री आपल्या गाण्यात दोन ठिकाणी उघडी पडते. एक तानपुऱ्यात, कारण जवारीमुळे, म्हणजे तारांच्या त्या झणझणाटामुळे, तानपुऱ्यात वरच्या सुरांचं दाट जाळं सतत हलत असतं आणि एन्कोडरला (फाइल दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते झेपत नाही, मग ते पाण्याखालून आल्यासारखं खळखळतं. आणि दुसरं तबल्यात, चाटीवर (तबल्याच्या काठावर) जो तडक बोल पडतो त्याच्या किंचित आधी एक फुसका आवाज येतो, त्याला प्री-इको म्हणतात, त्यामुळे बोलाची धार बोथट होते. हे एकदा कानाला कळलं की मग सुटत नाही. ३२०ला किंवा चांगल्या एएसीला (एमपीथ्रीसारखाच दुसरा फॉरमॅट) मला स्वतःला फरक ओळखणं अवघड जातं आणि मी ते मोकळेपणाने मान्य करतो. तरी स्वतःच्या संग्रहासाठी फ्लॅकच ठेवा, कारण त्यातून पुढे हवं ते बनवता येतं, उलट दिशेने येता येत नाही.

आता गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजणं. हा शब्द पाश्चात्य लोक त्यांच्या रॉक अल्बमसाठी वापरतात, पण खरा फटका बसतो आपल्याला. ख्यालाच्या सीडीवर बडा ख्याल (विलंबित) एक ट्रॅक आणि छोटा ख्याल (द्रुत) दुसरा ट्रॅक असतो. गाणं मात्र एकच असतं, विलंबित संपवून गायक समेवर येतो, तबलजी लय बदलतो, तानपुरे अखंड चालू असतात, आणि नेमक्या त्या जागी ट्रॅक बदलतो. जो प्लेअर गॅपलेस वाजवत नाही तो तिथे अर्धा-एक सेकंद थांबतो आणि तानपुरा तुटतो. पाऊण तास जो स्वर मनात भरला होता तो एका झटक्यात जातो. मला याचा अक्षरशः शारीरिक त्रास होतो. म्हणून कुठलंही यंत्र किंवा ॲप घेण्याआधी मी पहिली चाचणी ही घेतो, विलंबिताचा शेवटचा अर्धा मिनिट लावायचा आणि द्रुत सुरू होताना कान देऊन बसायचं. नुसत्या डीएलएनएवर (घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवायची एक पद्धत) चालणारे बरेच जुने स्ट्रीमर इथे नापास होतात. एमपीथ्रीमध्ये तर फाइलच्या टोकाला थोडी रिकामी जागा एन्कोडर स्वतःच घालतो, ती प्लेअरने ओळखून गाळावी लागते. आणि स्पॉटिफाय वगैरेमध्ये क्रॉसफेड नावाचं, एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करणारं, एक सेटिंग असतं ते आधी बंद करा, नाहीतर सम आणि मुखडा एकमेकांवर चढतात.

स्ट्रीमिंग सर्व्हिस कुठली, हाही प्रश्न असतोच. टायडल आणि कोबझ यांच्याबद्दल बाहेरचे लोक भरभरून लिहितात पण त्या भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत, आडमार्गाने घेण्यात मला रस नाही. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून लॉसलेस नेहमीच्याच पैशात दिलंय आणि आपल्याकडे ते मिळतं. स्पॉटिफायनेही सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटी लॉसलेस आणलं, आपल्याकडे त्यासाठी वरचा प्लॅन लागतो. आवाजाच्या दृष्टीने दोन्ही उत्तम. पण शास्त्रीय शोधायला गेलात की दोन्हीकडे तेच हाल, एकच गायक "पंडित" लावून वेगळा, "पं." लावून वेगळा आणि नुसत्या नावाने तिसराच, रागाचं स्पेलिंग चार प्रकारे, तबल्यावर कोण आहे ते लिहिलेलंच नाही, पेटीवाल्याचं तर नावच विसरा, आणि कधीकधी साथीदारालाच मुख्य कलाकार करून टाकलेलं असतं. ज्या माणसांनी तासतासभर पाठीमागे बसून गाणं उभं केलं त्यांची नावं अशी पुसली जातात याचं मला खरंच वाईट वाटतं, सीडीच्या किंवा एलपीच्या पाठीवर ती निदान छापलेली असायची.

शिवाय ही गाणी आपली नसतात. जानेवारी २०२४ मध्ये रेसो हे गाण्यांचं ॲप भारतात बंद झालं, त्याच वर्षी विंक म्युझिकही गुंडाळलं गेलं. ज्यांच्या वर्षानुवर्षांच्या याद्या तिथे होत्या त्यांचं काय? एखादा अल्बम करार संपला म्हणून आज आहे आणि उद्या राखाडी होऊन पडलाय, हे तर नेहमीचंच. यंत्रांचंही तसंच. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ ही फोनवरून सांगितलेलं गाणं सिस्टिमवर वाजवणारी छोटीशी चकती २०१५ मध्ये आली, तिला ऑप्टिकल आउटपुट होतं, फार गुणी वस्तू होती, जानेवारी २०१९ मध्ये बंद केली, तरी लोकांकडे चालू होती, आणि मार्च २०२५ मध्ये एका सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जगभरातल्या चकत्या एकदम रुसून बसल्या, काही दिवसांनी गूगलने दुरुस्ती पाठवली तेव्हा परत सुरू झाल्या. याच्या उलट लॉजिटेकचं स्क्वीझबॉक्स, घरच्या सर्व्हरवरची गाणी वाजवणारा स्ट्रीमर. कंपनीने २०१२ मध्ये उत्पादन थांबवलं, पण त्यामागचा सर्व्हर खुला होता म्हणून लोकांनी तो जिवंत ठेवला, आज त्याचं नाव लिरियन म्युझिक सर्व्हर आहे आणि जुनी स्क्वीझबॉक्स यंत्रं त्यावर अजून वाजतात. जे खुलं आहे आणि घरात आहे ते टिकतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवीन काही ऐकायला, शोधायला स्ट्रीमिंग जरूर ठेवा, पण ज्या गाण्यावर तुमचा जीव आहे ते तुमच्या घरात फाइल म्हणून असू द्या.

त्यासाठी सीड्या. मुंबईत काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, पुण्यात अलूरकरांचं दुकान गेलं, जिथे रेकॉर्ड मागितली तर त्या गायकाची आणखी कुठली ऐकावी हेही कळायचं. पण सीड्या घराघरांत पडून आहेत आणि लोक त्या द्यायला तयार असतात, नातेवाइकांना नुसतं विचारा. कॉम्प्युटरला एक साधा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावायचा, विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, आणि फ्लॅकमध्ये उतरवायचं. अ‍ॅक्युरेटरिप म्हणून एक सोय असते, तुमची उतरवलेली प्रत जगात दुसऱ्या कुणी उतरवलेल्या प्रतीशी जुळते का ते ती तपासते. आपल्याकडच्या बऱ्याच सीड्या त्या यादीत सापडत नाहीत, तेव्हा एकदा शंका आली तर दोनदा उतरवून दोन्ही सारख्या आल्या का बघायचं. एका सीडीची फ्लॅक ३०० ते ४०० एमबी धरा, जुनं एकेरी आवाजाचं रेकॉर्डिंग असेल तर त्याहून बरीच कमी, म्हणजे एक टीबीच्या डिस्कमध्ये अडीच ते तीन हजार सीड्या मावतात. घरी लिहिलेल्या सीडीआर असतील तर त्यांना पहिला नंबर द्या, त्यातला रंगाचा थर उतरत जातो आणि एक दिवस ड्राइव्ह ती वाचतच नाही.

मग टॅग. हे काम कंटाळवाणं आहे असं सगळे म्हणतात, मला मात्र त्यात फार आनंद मिळतो. एमपीथ्रीटॅग नावाचा प्रोग्रॅम घ्या (नावात एमपीथ्री असलं तरी फ्लॅकला चालतो). माझी पद्धत अशी की जॉनर या रकान्यात मी "हिंदुस्तानी क्लासिकल" असं काही लिहीत नाही, तिथे सरळ राग लिहितो. कारण जगातला कुठलाही प्लेअर, कितीही साधा असो, जॉनरप्रमाणे यादी दाखवतोच. मग स्क्रीनवर अहिरभैरव, बागेश्री, भूप, बिहाग अशी रांग लागते, बागेश्री दाबलं की किशोरीताई, मन्सूर अण्णा, आमीर खाँ सगळे एका खाली एक. कुठलीही सर्व्हिस मला हे देत नाही. ताल आणि बंदिश ट्रॅकच्या नावात, साथीदार कॉमेंटमध्ये. फ्लॅकचे टॅग देवनागरीत बिनधास्त लिहा, त्याला काही अडचण नाही, फक्त एखाद्या जुन्या यंत्राच्या छोट्या पडद्यावर चौकोन दिसतात तेवढं आधी तपासून घ्या. आणि प्रहराप्रमाणे याद्या केल्या तर आणखी मजा, सकाळी सातला यादी लावली की त्यात तोडी, ललत, जौनपुरी असंच काही येणार, मारवा येणार नाही.

एवढं झालं की डब्यावर येऊ, आणि खरंच आता इथे फार बोलायला नको. ज्यांच्याकडे सीड्या आहेत आणि जुना चालता सीडी प्लेअर आहे त्यांनी तोच ठेवावा, वाजवण्यात तो कशाला कमी नाही. ज्यांना स्ट्रीमिंग आणि घरच्या फाइली दोन्ही हव्यात आणि कॉम्प्युटरशी खेळायची हौस नाही त्यांनी वीम या कंपनीचे छोटे स्ट्रीमर बघावेत, मिनी २०२१ मध्ये आला, प्रो २०२२ मध्ये, घरच्या सर्व्हरवरच्या फाइली, इंटरनेट रेडिओ, सगळं एका ॲपमधून चालतं. प्रोवर गूगल कास्ट (फोनवरच्या ॲपमधलं गाणं सरळ डब्यावर लावायची सोय) आहे, जे मिनीवर नाही. अँड्रॉइड फोनवरून वेगवेगळी ॲप लावणाऱ्यांनी म्हणून प्रो घ्यावा. ज्यांना हौस आहे त्यांना रास्पबेरी पाय आणि त्यावर बसणारं हायफायबेरीसारखं डॅकचं कार्ड, त्यावर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर, याच्याइतकी समाधान देणारी गोष्ट नाही, पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ सामान सगळं मिळतं.

लॅपटॉप थेट यूएसबी डॅकला लावणार असाल तर दोन गोष्टी. विंडोज सगळे आवाज मिसळून एकाच मापात बदलून पाठवतं, अँड्रॉइडही बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झ करून पाठवतं, कानाला फार फरक पडेल असं नाही पण टाळायचं असेल तर विंडोजवर प्लेअरमध्ये वासापी एक्स्क्लुझिव्ह निवडा. आणि चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज यायला लागला तर डॅकला दोष देऊ नका, तो अर्थिंगचा गोल फेरा असतो, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारी नको ती वीज. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये, त्यात इन्व्हर्टर आणि वर केबलवाल्याची तार असली की हे हमखास होतं. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऑप्टिकल केबल, त्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जातच नाही, त्यामुळे फेरा तुटतो. म्हणून ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक आणि ऑप्टिकल आउटपुट असलेला स्ट्रीमर मी नेहमी पसंत करतो.

जुना अ‍ॅम्प असेल तर आणखी एक बघा. त्याच्या टेप किंवा ट्यूनर इनपुटला १५०-२०० मिलिव्होल्ट पुरायचे, डॅक देतो दोन व्होल्ट. नॉब जरासा फिरवला की घर दणाणतं आणि रात्री हळू आवाजात ऐकायला जागाच उरत नाही. स्ट्रीमरमध्ये आउटपुट थोडं कमी करा, २४ बिटच्या डॅकमध्ये दहापंधरा डेसिबल कमी केल्याने गाण्याचं काही बिघडत नाही.

आणि घरात दुसरं कोण ऐकणार आहे तेही विचारात घ्या. आमच्या घरी आई ॲप उघडत नाही आणि तिने का उघडावं? तिला रिमोटवरचं एक बटण हवं, ते दाबलं की गाणं लागलं पाहिजे. आकाशवाणीचं रागम् हे चोवीस तास शास्त्रीय संगीत लावणारं चॅनल २६ जानेवारी २०१६ पासून आहे, आकाशवाणीच्या ॲपवर मिळतं आणि इंटरनेट रेडिओ म्हणूनही स्ट्रीमरवर लावता येतं. पहिल्या प्रीसेटवर रागम्, दुसऱ्यावर विविध भारती, तिसऱ्यावर माझी सकाळची यादी. ज्या सोर्सला प्रीसेटची बटणं आणि खराखुरा रिमोट नाही तो वडीलधाऱ्यांच्या घरी घेऊ नका, कितीही छान वाजत असला तरी तो बंदच पडून राहील.

पैशाचं म्हणाल तर सोर्सवर पूर्ण सिस्टिमच्या पैशाचा पाचवा हिस्सासुद्धा घालवू नका. उरलेले स्पीकरमध्ये घाला, खोलीत जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यात घाला, आपल्या टाइल्सच्या आणि उघड्या भिंतींच्या खोल्यांत आवाज नुसता आदळत फिरतो आणि त्याने जेवढं गाणं बिघडतं तेवढं कुठल्याही स्वस्त डॅकने बिघडत नाही.

शेवटचं, आणि माझ्या लेखी सगळ्यात घाईचं. तुमच्या घरात किंवा ओळखीत कुणाकडे घरगुती मैफलींच्या, गणेशोत्सवातल्या गाण्यांच्या, गुरूंच्या तालमीच्या कॅसेट असतील तर नवा स्ट्रीमर पुढच्या महिन्यात घ्या आणि आधी त्या उतरवा. सीडी दुसरीकडे मिळेल, स्ट्रीमिंगवर काहीतरी असेलच, ही कॅसेट मात्र जगात एकच आहे. चालू स्थितीतला डेक हवा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं हवं, बेल्ट नवा असला तर उत्तम. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन जुळवायचा, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकत राहायचं आणि जिथे आवाज सगळ्यात उजळ येईल तिथे थांबायचं, हात बसलेला नसेल तर जाणत्या माणसाकडून करून घ्या. आणि इथे मात्र २४ बिट घ्या, कारण रेकॉर्ड करताना पातळी बरीच खाली ठेवता येते, जोरात आलेली तान फाटत नाही. खरखर काढू नका, काही सुधारू नका, जसं आहे तसं फ्लॅक करून ठेवा, फाइलच्या नावात कोण, कुठे, कधी आणि साथीला कोण हे घरातल्या ज्या कुणाला आठवतंय त्याला आजच विचारून लिहा. दोन डिस्कवर प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मित्राकडे ठेवा.